पंचेचाळीसच्या आत

मास्तर विकायला काढला आहे ही बातमी टिल्लीने जेवताना दिली, आणि इतक्या सपाट आवाजात दिली की तिच्या आईने हातातले काम टाकून आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मास्तर हा घोडा होता. नेमके सांगायचे तर तट्टू: खांद्यापाशी उंची एकशे बत्तीस सेंटीमीटर, रंग भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा, वय पागेवाल्या बाईंच्या म्हणण्यानुसार बारा. शहराच्या कडेला, रस्त्याचे डांबर संपते तिथे बाईंची पागा होती. तिथे शिकलेले प्रत्येक मूल पहिल्यांदा त्याच्याच पाठीवर बसले होते. नाव त्यावरून पडले. टाच चुकीची लागली की तो जागच्या जागी थांबे आणि मान वळवून वर बघे. टाच सुधारली की चालू लागे. रागावणे, उधळणे, लाडात येणे यांपैकी काहीच त्याच्या स्वभावात नव्हते. टिल्ली आठव्या वर्षापासून दर शनिवारी त्याच्यावर बसत होती. तासभर बसायला मिळावे म्हणून तीन तास लीद काढत होती. आता ती अकरा वर्षांची होती.

तिचा बाप वजनमापे तपासणाऱ्या कार्यालयात तपासनीस होता. दुकानांतले, गोदामांतले आणि ट्रक तोलायचे काटे खरे बोलतात की नाही हे पाहण्यात त्याची वीस वर्षे गेली होती. तिची आई एका कारखान्यात कवळ्यांमध्ये दात बसवायचे काम करी. दोघांच्याही माहेरी-सासरी, मागच्या चार पिढ्यांत, कोणी घोडा बाळगल्याचे ऐकिवात नव्हते. तपासनीसाने मुलीला कसलाही शब्द दिला नाही. जेवण आटोपल्यावर तो कागद घेऊन बसला, आणि अर्ध्या तासात त्याला कळून चुकले की घोड्याची किंमत हा घोड्याच्या खर्चातला सर्वांत किरकोळ आकडा असतो. चारा, पागेतली जागा, दर सहा आठवड्यांनी येणारा नालबंद, आणि कधी उगवेल याचा नेम नसलेला पशुवैद्य. त्याने कागद बायकोपुढे सरकवला. तिने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि विचारले की दुसऱ्या बाजूला काय मिळणार हे कुठे लिहिले आहे. ते मोजता येत नाही, तो म्हणाला. मग निम्माच हिशोब झाला की, ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तो बाईंना जाऊन भेटला. बाई साठीच्या, गुडघ्यांनी रजा घेतलेल्या आणि जिभेने अजून न घेतलेल्या. बारा घोड्यांवरून सहावर यायचे होते, आणि मास्तरसारख्या शांत तट्टूला गिऱ्हाईक चुटकीसरशी मिळेल हे त्यांनी लपवले नाही. पण टिल्लीसाठी त्या वर्षभर थांबायला तयार झाल्या. अट एकच होती, आणि ती पागेत येणाऱ्या सगळ्यांनाच लागू होती: घोड्याने स्वतःच्या वजनाच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त ओझे वाहायचे नाही. मास्तर दोनशे साठ किलोंचा. त्याचा पाचवा हिस्सा बावन्न. खोगीर आणि बाकीचे सामान सात. उरले पंचेचाळीस. पंचेचाळीसच्या वरचे मूल मास्तरवर बसणार नाही, मग ते विकत घेणाऱ्याचे का असेना. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई सगळ्या मुलांना चाऱ्याच्या काट्यावर उभे करून वजन वहीत लिहीत.

तपासनीसाने विचारले, पाचवाच हिस्सा का, चौथा किंवा सहावा का नाही. बाई म्हणाल्या, ते घोड्याला विचारा. हे उत्तर त्याला पटले नाही. पण नियम लेखी आहे आणि तो काट्याने तपासला जातो, एवढ्यावर तो खूश होता. शिवाय टिल्लीचे नाव काही उगीच पडलेले नव्हते. तेव्हा ती एकोणचाळीस किलोंची होती, तिची आई आजही सत्तेचाळीसची होती, आणि त्या घरात दाराची चौकट डोक्याला लागेल अशी भीती कोणालाही कधी वाटली नव्हती. त्याने आईबापांच्या उंचीवरून मुलाची वाढ काढायचे कोष्टक मिळवले आणि मुलगी चौदा वर्षांची होईपर्यंत पंचेचाळीसच्या आत राहील असा निष्कर्ष काढला. कोष्टकात आत्यासाठी रकाना नव्हता. त्याची बहीण चांगली उंचीपुरी होती, हे त्याला त्या वेळी सुचले नाही.

मग घराने कंबर कसली. तपासनीस सुटीच्या दिवशी ट्रकचे काटे तपासायची जादा कामे घेऊ लागला. बायको संध्याकाळी कवळ्या घरी आणून घासू लागली, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर परक्यांचे हसू ओळीने मांडलेले दिसू लागले. टिल्लीने वाढदिवसाला काही नको म्हणून सांगितले, आणि नको म्हणताना चेहरा असा ठेवला की तिला खरोखरच काही नको आहे असे कोणाला वाटू नये. तिच्या खोलीत मास्तरचे चित्र वगैरे नव्हते. खिडकीत घोड्याच्या खराऱ्याचा एक जुना ब्रश होता, आणि अभ्यास करताना ती मधूनच तो नाकाशी धरी.

सातव्या महिन्यात किंमत आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च जमला. बायको म्हणाली, "आता घेऊन टाकू या." तपासनीस म्हणाला, नाही. पशुवैद्यासाठी आणि अडीअडचणीसाठी आणखी हाताशी हवे. कुठलाही पूल नेमक्या त्याच्यावरून जाणाऱ्या ट्रकाएवढाच भक्कम बांधत नाहीत. अजून पाच महिने. बाईंनी दिलेली मुदत तितकीच होती, म्हणजे घाई करण्याचे कारण नव्हते. बायको त्याच्या खनपटीला बसली, पण तो हलला नाही. दारात उभ्या असलेल्या टिल्लीने फक्त एवढे विचारले की पाच महिन्यांत शनिवार किती येतात. बावीस, तो म्हणाला. तिने मान हलवली आणि ती आत गेली.

त्यानंतर पंधरा दिवस तिच्या ताटात अर्धे जेवण उरू लागले. आईने आधी समजावले, मग दटावले, मग डॉक्टरकडे न्यायची भाषा केली. आणि एका शनिवारी पागेतून आल्यावर मुलगी पोटभर जेवली. तेव्हापासून कुरबूर संपली. आईने मधे एकदा सांगितले की हिच्या विजारी आखूड व्हायला लागल्या आहेत. तपासनीस म्हणाला, पाण्याने आटल्या असतील.

बावीस शनिवार सरले. तिघे पागेत गेले ते व्यवहार पुरा करायलाच. टिल्ली सरळ मास्तरच्या ठाणाकडे गेली आणि त्याला खरारा करू लागली. तिने आईबापांकडे वळूनही पाहिले नाही. एखाद्या गोष्टीकडे पाहिले तर ती निसटेल असे वाटणारी माणसे करतात तसे. तिच्या आईने मास्तरचा ओठ वर करून आत दोन बोटे घातली, बराच वेळ न्याहाळले आणि निकाल दिला.

"बारा नाही, पंधराच्या घरातला आहे. पण दाढा माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा बऱ्या."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी तीन वर्षांचे पैसे कमी केले आणि चहा ठेवला. चहा होईपर्यंत त्यांनी तपासनीसाच्या कानावर एक तक्रार घातली. चाऱ्याचा व्यापारी काट्यात मारतो, असा त्यांचा संशय होता. पूर्वी महिनाभर पुरणारा चारा आता सत्तावीस दिवसांत संपत होता. आपण तर मोजून घालतो, रोज सकाळी तीस किलो, काट्यावर. साहेबांनी एकदा त्या व्यापाऱ्याकडे जाऊन बघावे.

साहेबांनी तीनच आठवड्यांपूर्वी पाहिले होते. त्या व्यापाऱ्याचा काटा चोख होता. तपासनीसाने तसे सांगितले आणि सहज विचारले की चारा कमी येत असेल तर घोडे वाळायला हवेत, ते वाळलेत का.

"वाळतात कसले," बाई म्हणाल्या. "सुटलेत सगळे. खोगिरांचे पट्टे एकेक भोक पुढे गेलेत."

मग त्याने वजनांची वही मागितली. ती त्याला तशीही पाहायची होतीच. मुलीचा शेवटचा आकडा करारात लिहायचा होता. टिल्लीच्या ओळीत पाच महिने असे होते: चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस आठशे, चव्वेचाळीस शंभर, चव्वेचाळीस. घरी त्याने हा आकडा तोंडी ऐकला होता, दर वेळी, आणि दर वेळी त्याला समाधान वाटले होते. आता त्याने ती ओळ एकत्र पाहिली. वाढत्या वयाचे मूल पाच महिने एका आकड्यावर उभे राहत नाही. त्याने वरची ओळ पाहिली, खालची पाहिली. पागेत अकरा मुले होती. त्यांतले एकही पाच महिन्यांत वाढलेले नव्हते. दोघे तर हलके झाले होते. मुले वाढायची थांबली होती आणि घोडे सुटले होते. दोन्ही गोष्टी एकाच काट्यावरून गेल्या होत्या.

तो उठला. गाडीतून वीस किलोंचे प्रमाण वजन काढून आणले आणि चाऱ्याच्या खोलीत गेला. काटा जुना, दांडीचा; खाली फळी, वर सरकत्या वजनाची आडवी दांडी. सरकते वजन कायम तीसवर ठेवलेले असे, कारण रोज तोलायचे ते तीसच. त्यामुळे रिकाम्या काट्याची दांडी नेहमी खाली टेकलेली, आणि काटा शून्याला उभा राहतो की नाही हे कोणाच्या नजरेला पडायची सोय नव्हती. त्याने वीस किलोंचे वजन फळीवर ठेवून दांडी समतोल केली. काट्याने साडेसतरा दाखवले.

दांडीच्या मागच्या टोकाला काटा शून्यावर आणायची एक पितळी चाकी असते. ती आपल्या जागेवरून चांगली सात-आठ आटे पुढे आलेली होती. चाकीच्या मागचे आटे त्यामानाने स्वच्छ होते, बाकीच्यांवर जुनी धूळ. आणि तेही एकदम नव्हे. धुळीचे पाच पट्टे मोजता येत होते, जुना जास्त काळा, नवा कमी. महिन्याला एकदा, अर्ध्या किलोच्या हिशोबाने. काम नीटनेटके होते. ती चाकी कशासाठी असते हे त्या पागेत एकाच मुलाला ठाऊक असणे शक्य होते, कारण ते तिला सहाव्या वर्षी, मांडीवर बसवून, त्यानेच शिकवले होते.

म्हणजे टिल्ली चव्वेचाळीस नव्हे, साडेसेहेचाळीस.

हे खरे की त्यानंतर तो बाईंकडे गेला नाही. त्याने खिशातली फीत काढली, मास्तरच्या ठाणात जाऊन त्याच्या छातीचा घेर आणि अंगाची लांबी घेतली, आणि त्यावरून वजन काढले. टिल्ली बाजूला सरकली. मास्तर दोनशे अडुसष्ट भरला. अडुसष्टांतले आठ किलो अर्थातच जादा चाऱ्याचे. पण दोनशे अडुसष्टचा पाचवा हिस्सा म्हणजे साडेत्रेपन्न, वजा सात, उरले साडेसेहेचाळीस आणि वर थोडे. तो आकड्याकडे पाहत राहिला. नियम लेखी होता. नियमात चरबी आणि स्नायू असा भेद केलेला नव्हता. फीत सगळ्यांसाठी सारखी होती. फक्त उत्तर इतके नेमके, हवे तेवढेच आले होते, की वीस वर्षांत असे उत्तर घेऊन समोर आलेल्या प्रत्येक दुकानदाराचा चेहरा त्याला आठवला. घोडा स्वतःची चरबीही आधी स्वतःच वाहतो. त्याने कागद चुरगळून खिशात टाकला.

"टिल्ले, जरा चाऱ्याच्या खोलीत ये."

ती आली. फळीवरचे वजन तिने पाहिले, चाकीकडे पाहिले नाही. खोलीत वाळल्या गवताचा वास होता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि ती दाराच्या कडीपर्यंत नव्हे तर कडीच्या बरीच वर पोचते आहे, हे बापाला पहिल्यांदाच दिसले.

"आधी जेवण कमी करून पाहिलं," ती म्हणाली. "पण आई बघते."

त्या चाकीबद्दल त्याच्या मनात क्षणभर काहीसे कृतज्ञतेसारखे आले. ते त्याने बाजूला ठेवले आणि विचारले की हे करताना मास्तरच्या पाठीचा विचार केला होता का.

"दर शनिवारी हात लावून बघत होते. गरम लागते का, सुजली का. तसं काही झालं असतं तर मी उतरले असते."

"अन् माझ्याशी बोलायचं?"

"काय बोलणार? तुम्ही पाच महिने म्हणालात. मी थांबलेच होते ना, बाबा. पण वाढणं कसं थांबवतात ते मला येत नाही."

तपासनीस आकड्यांकडे वळला. त्याने तिला समजावले, आणि समजावताना आवाज शक्य तितका मऊ ठेवला, की पाच महिन्यांपूर्वी घोडा घेतला असता तरी फार फरक पडला नसता. दर महिन्याला अर्धा किलो धरला तर तिने पंचेचाळीसची रेषा दोन महिन्यांत ओलांडलीच असती. म्हणजे तिच्या हातून जे गेले ते जेमतेम दोन महिने.

"दोन महिने चालले असते मला," टिल्ली म्हणाली.

बाहेर बाई चहाला हाक मारत होत्या. तपासनीसाने चाकी मागे फिरवली, काटा शून्याला उभा केला, आणि वीस किलोंचे वजन उतरवून ठेवले. तो तिला फळीवर उभी राहा असे म्हणाला नाही. ती आपणहून चढली, दांडी स्थिर होईपर्यंत हात अंगाशी धरून उभी राहिली, आणि मग तशीच बाईंकडे गेली व स्वतःच्या तोंडाने आकडा सांगितला. चाकीचेही तिनेच सांगितले.

बाईंनी आधी बापाकडे पाहिले, मग मुलीकडे. त्या ओरडल्या नाहीत. पाच महिने सहा-सात घोड्यांना फुकटची मेजवानी घातलीस, वाया गेलेल्या चाऱ्यापायी दोन महिने लीद काढशील, बसायला न मिळता, एवढेच म्हणाल्या. टिल्ली बरं म्हणाली. मग बाईंनी, जरा घाईनेच, दुसरा प्रस्ताव पुढे केला. एक तांबडी घोडी होती, चार वर्षांची, उंच. किंमत दुप्पट, पण दोन वर्षांत जमू शकेल. तपासनीसाने मनातल्या मनात वय आणि उंची मांडून पाहिली. या वेळी मुलीची वाढ आडवी येणार नव्हती. उलट उपयोगीच पडणार होती. हिशोब सर्व बाजूंनी बसत होता. तो मुलीकडे वळला.

"मला घोडा नको होता," ती म्हणाली. "मला मास्तर हवा होता."

तिच्या आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुलीचा खांदा आता आपल्या खांद्याच्या बरोबरीला आला आहे हे तिने जाणवू दिले नाही.

मास्तरला गिऱ्हाईक खरोखरच चुटकीसरशी मिळाले. पोस्टात काम करणारी एक बाई होती, तिला सात वर्षांची मुलगी होती आणि घरामागे मोकळी जागा होती. मास्तरला घरी पोचवायच्या दिवशी टिल्ली म्हणाली की तो अनोळखी माणसाबरोबर निघणार नाही, तर ती लगाम धरून जाईल. तो कोणाहीबरोबर निघतो, हे पागेत सर्वांना ठाऊक होते. बाईंनी लगाम तिच्या हातात दिला.

दोन किलोमीटरचा रस्ता होता. छोटी मास्तरवर बसली होती. तिची आई मागे सायकल हातात धरून चालत होती. तपासनीस सर्वांत मागे, चाऱ्याची पिशवी आणि खराऱ्याचे ब्रश घेऊन. टिल्लीच्या बोलण्याचे तुकडे त्याला ऐकू येत होते. पाणी पिताना घाई करू नकोस. डाव्या कानामागे खाजवलेलं आवडतं, उजव्या नाही. तो थांबला तर चूक तुझी आहे, त्याची नाही. आवाज एखाद्या यंत्राची माहितीपुस्तिका वाचून दाखवावी तसा होता. मास्तर तिच्या खांद्याशी नाक ठेवून चालत होता, आणि वळणावर ती थांबली की तिने न सांगता थांबत होता.

शेवटच्या वळणाआधी छोटीने विचारले, "मला किती दिवस बसता येईल ह्याच्यावर?"

टिल्लीने मान वर केली. तिने त्या मुलीला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले, सावकाश, आणि मागून येणाऱ्या तिच्या आईलाही पाहिले.

"चार वर्षं," ती म्हणाली. "हळूहळू वाढलीस तर पाच."

मग तिने लगाम पुढे केला आणि म्हणाली, "टाचा खाली ठेव."